हातासरशी

मी तेक्ला.
व्रोत्सवाफमध्ये, ओद्रा नदीच्या कडेला,
साबणाच्या जुन्या कारखान्यात आता चित्रं मांडतात.
तिथली फरशी माझ्याकडे. एकवीस वर्षं.
फरशी, खिडक्या,
आणि लोक गेल्यावर उरतात ते कप.

बोग्नाबाई नोव्हेंबरात आल्या.
चित्र नाही, ब्रश नाही,
हातगाडीवर स्वतःचं स्वयंपाकघर:
कपाट, चौकटीसकट एक दार,
आणि करवतीनं कापलेला भिंतीचा तुकडा,
आजारी माणसासारखा घोंगडीत गुंडाळलेला.

सगळ्यावर काळे पंजे.

म्हणाल्या,
शेगडीतली काजळी तेलात कालवली,
रोज सकाळी उजव्या हाताला फासली,
आणि नेहमीसारखी राहिले. आठ दिवस.
मग दिवा धरून हिंडले घरभर
तर तिथं दुसरंच कुणी नांदत होतं.
चहाच्या डब्यावर चार बोटं, ते ठीक.
पण कपाटाच्या या कडेला मी का टेकते?
कधी टेकते?
आणि हे बघा, तेक्ला,
दाराच्या डावीकडे, खांद्याएवढ्या उंचीवर
ठशावर ठसा, ठशावर ठसा,
इथं तर काहीच नाही.
नऊ वर्षांपूर्वी इथं दिव्याचं बटण होतं.
वायरमननं ते पलीकडे नेलं.
मला वाटत होतं, हे मला कळलंय.

मी मान डोलावली.
माझी मान कशालाही डोलते.

गुरुवारी सात माणसं आली.
आठवा झेनोन, ट्रामचालक, ऊब घ्यायला शिरलेला.
त्यानं टोपी काढली, भिंतीच्या तुकड्यापुढे बराच वेळ थांबला,
मग म्हणाला,
रविवारी जेवताना
बायको सूप घेऊन जरा जोरात वळली
की टेबलाखाली माझा पाय ब्रेक दाबतो.
कुणी हसलं नाही.
बोग्नाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

हात लावू नये, अशी पाटी होती.
तिचा खिळा मीच ठोकला होता.
शुक्रवारी सकाळी फडकं बादलीतच राहिलं,
मी मुलाच्या पत्राचा विचार करत होते,
छावणीतून आलेलं, तीन ओळींचं,
त्यात मोजे मागितलेत, बाकी काही नाही.
तीन ओळी संपून पुन्हा पहिलीवर आले
तेव्हा कपाटाची कड स्वच्छ होती.
माझ्या तळहातानं, नुसत्या,
जाता जाता, हातासरशी.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
खुर्ची ओढून बसल्या. कसं पुसलंत?
वरून खाली? की गोल? दाखवा.

मी हात उचलला.
हात हवेत थांबला,
कुठं बसावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखा.
पुसून दाखवलं.
असं नाही, म्हणाल्या.
मलाही कळत होतं, असं नाही.
पुन्हा. पुन्हा. दुपारपर्यंत.
माझाच हात, पण कुणी भाड्यानं दिल्यासारखा,
मनगट कुठं वळतं ते मनगटाला ठाऊक नाही.
जे अंगवळणी पडलेलं,
ते विचारायला गेलं की अंग गप्प.
शेवटी त्यांनी वही मिटली,
आम्ही चहा घेतला,
आणि कप मी कधी धुतले कोण जाणे.

घरी लुत्सियाननं दार उघडलं आणि हसायलाच लागला.
राखेचा बुधवार का आज?
अजून नाताळ व्हायचाय, बाई!
आरशात पाहिलं.
कपाळावर काळं.
कोटावर छातीशी काळं.
डावा खांदा. उजवा खांदा.

वाटेत चर्च लागतं, हे खरं.
आपण थांबलो, हात उचलला, असं काही आठवत नाही.
मला तर एवढंच आठवतं
की मोज्यांना लोकर कुठली घ्यावी, करडी की तपकिरी,
हे ठरत नव्हतं.

कपाळ धुतलं.
कोट तसाच आहे, खुंटीवर, उलटा करून.
बोग्नाबाईंना सांगितलेलं नाही.
त्या मागतील,
आणि थंडीचा माझ्याकडे तोच एक आहे.